आभाळाचं नुकसान

यज्ञेश्वर कुरुंदवाडकरांना ढगांचे फोटो काढायचा नाद लागला, यात वाईट असं काहीच नव्हतं. पन्नाशी उलटली की माणसाच्या मागे काहीतरी लागतंच. कुणाच्या मागे शुगर लागते, कुणाच्या मागे भजनी मंडळ. कुरुंदवाडकरांच्या मागे ढग लागले. ते एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक होते. दिवसभर प्रवेश, दाखले आणि पालक यांच्याशी झगडून आलेल्या माणसाला संध्याकाळी असं काहीतरी बघावंसं वाटतं, जे आपल्याकडे काही मागत नाही. ढग काही मागत नाहीत. निदान कुरुंदवाडकरांचा तसा समज होता.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या शिवतेज अपार्टमेंटच्या गच्चीवरून आभाळ सलग असं दिसत नाही. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, केबलच्या वायरी, शेजारच्या तालमीचा झेंडा आणि पलीकडचा मोबाइल टॉवर यांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर जे उरतं, ते कुरुंदवाडकरांचं. तेवढ्यात ते समाधानी होते. एका हातानं टाकीची शिडी धरून, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन, मान मागे टाकून ते ढगाची वाट बघत उभे राहायचे. त्यांच्या पत्नी अवंतिकाबाईंनी एकदाच विचारलं, "अहो, ढग निघून जाईल हे ठीक, पण तुम्ही पडलात तर?"

"गेलेला ढग पुन्हा येत नाही," कुरुंदवाडकर गंभीरपणे म्हणाले.

अवंतिकाबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी हे उत्तर मनातल्या मनात तपासलं, चूक ठरवलं आणि त्या पोळ्या लाटायला गेल्या.

पेठेत माणूस एकट्यानं काही करू शकत नाही. गच्चीवर माणूस उभा दिसला की खालून सल्ला वर येतो. "सर, ड्रोन घ्या की!" तालमीच्या दारातून पोरं ओरडायची. केबलवाल्यानं, वायर फोटोत येत असेल तर ती थोडी खाली सोडून देतो, असं सांगितलं आणि खरंच सोडून दिली. त्यामुळे कुरुंदवाडकरांना आभाळ जास्त दिसू लागलं आणि तिसऱ्या मजल्याला टीव्ही दिसायचा बंद झाला. पहिल्या मजल्यावरच्या धोंडुबाई तर एक फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "सासरा हाय ह्यो माझा. मिशा बघा की. मेला, वर जाऊनबी वाकडंच बघतोय." कुरुंदवाडकरांनी त्या ढगाकडे त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही. कारण आता त्यांनाही मिशा दिसायला लागल्या होत्या.

खरी चूक झाली ती ग्रुपवर. अपार्टमेंटच्या ग्रुपचं नाव 'शिवतेज – फक्त कामाचे' असं होतं. पाणी कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, ती बंद कुणी पाडली, असल्या मजकुराचा तो ग्रुप. त्यावर कुरुंदवाडकरांनी एका सकाळी कापूस पिंजल्यासारख्या ढगाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'शुभ प्रभात. किती हे सौंदर्य!' सेक्रेटरी सम्राट चौगुले तत्पर माणूस. त्यांनी लगेच कळवलं, 'कृपया ग्रुपवर फक्त कामाचे टाकावे.' कुरुंदवाडकर दुखावले. ते उत्तर लिहायला बसले, इतक्यात धोंडुबाईंचा आवाजी निरोप आला, "न्हाय, असू दे की! ऊन हाय का ढग हाय ते कळतंय. मला सांडगं घालाय बरं पडतंय."

अशा रीतीनं सौंदर्य बाजूला राहिलं आणि ढग कामाचे ठरले. रोज सकाळी लोक विचारू लागले. गादी वाळत घालू का? पोराला रेनकोट देऊ का? रविवारी पन्हाळ्याला जावं का? कुरुंदवाडकर प्रत्येकाला सांगायचे, "मला त्यातलं कळत नाही. मी फक्त बघतो." पण ज्या माणसाला कळत नाही तो रोज वर कशाला बघेल, असा पेठेचा सरळ हिशोब. दोन-तीनदा त्यांच्या तोंडून सहज काहीतरी निघालं आणि ते नेमकं खरं झालं. त्यानंतर त्यांना कुणी कुरुंदवाडकर म्हणेना. 'आभाळवाले' हे नाव पडलं. त्यांच्या घराण्यात दोन मुख्याध्यापक आणि एक कीर्तनकार होऊन गेले होते. आणि आता हे!

तळमजल्यावर पिराजी खोतांचं दुधाचं दुकान होतं. पिराजी मूळचे शाहूवाडीकडचे. गडी आडदांड, आवाज असा की दुकानात बोलले तर गच्चीवर ऐकू यावं. मोठी बहीण बाळाबाई गावी भातशेती करायची. दिवाळी तोंडावर आली होती आणि पिराजी तिच्याशी फोनवर सारखे भाताचं बोलत होते. एका संध्याकाळी कुरुंदवाडकर गच्चीवरून उतरले ते तरंगतच. पश्चिमेला अख्खं आभाळ माशाच्या खवल्यांसारखं झालं होतं, प्रत्येक खवल्याची कड तांब्याची, आणि योगायोगानं तालमीचा झेंडा वाऱ्याअभावी खाली पडलेला. असा फोटो त्यांना आजवर मिळाला नव्हता.

"साहेब, आभाळ कसं हाय वो?" पिराजींनी दुधाची पिशवी देता देता विचारलं.

"पिराजीराव, आभाळ फार छान आहे! असं आभाळ मिळायला नशीब लागतं."

"व्हय?" पिराजी म्हणाले आणि फोन घेऊन आत गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी पाऊस आला. कोल्हापूरला दिवाळीत पाऊस नवा नाही, पण हा असा आला की आकाशकंदील पिळून वाळत घालायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडकर दुधाला गेले, तेव्हा रांगेत आठ-दहा माणसं होती. पिराजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पिशवी काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भैनीचं भात गेलं, साहेब. कापून पडलंतं. समदं पाण्यात. तुमी म्हटलासा आभाळ छान हाय!"

रांगेनं एकदा आभाळाकडे बघितलं, मग कुरुंदवाडकरांकडे.

"छान म्हणजे... दिसायला," कुरुंदवाडकर म्हणाले.

"दिसायला म्हंजी?"

 याचं उत्तर दुधाच्या रांगेत देता येण्यासारखं नव्हतं. कुरुंदवाडकर पिशवी घेऊन जिना चढले आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण आपल्या दारावरून पुढे आलो आहोत.

दुपारपर्यंत पेठेत झालं, आभाळवाल्यांनी भात बुडवलं. धोंडुबाई म्हणाल्या, त्या दिवशी सासऱ्याचं तोंड जास्तच वाकडं दिसत होतं, पण आमचं कोण ऐकतंय. सम्राट चौगुल्यांनी नियम केला की इथून पुढे ढगाच्या प्रत्येक फोटोखाली 'हा अंदाज नाही' असं लिहावं. कुणी ग्रहांची शांत करायला सांगितलं, कुणी जोतिबाला नारळ द्यायला. कुरुंदवाडकरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी गच्चीवर जाणं सोडलं. कॉलेजात एका पालकानं त्यांच्यावर आवाज चढवला, तर त्यांनी उलट त्याचीच माफी मागितली. तो पालक घाबरून निघून गेला.

जेवताना त्यांचा हात भातापाशी येऊन थांबायचा. अवंतिकाबाईंनी हे दोन-तीन दिवस बघितलं.

"तुम्ही हवामान खात्यात आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण मी छान म्हणालो."

"मग इथं बसून काय होणार? जा, भेटून या त्या बाईंना. जे बोलायचं ते त्यांच्याशी बोला. माझ्या आमटीशी नको."

रविवारी कुरुंदवाडकर निघाले. आदल्या दिवशी त्यांनी पिराजींना तसं सांगितलं, तर पिराजींचा चेहरा एकदम पडला. "कशाला साहेब? लई लांब हाय. वडाप मिळत न्हाय. वाट घसारटी. कुत्री हाइत. आनी आक्का तोंडानं लई फाटकी, तुमास्नी सोसायचं न्हाय." कुरुंदवाडकरांना वाटलं, एवढं नुकसान होऊनही हा माणूस आपली काळजी करतोय. ते आणखीच खजील झाले.

मलकापूरपर्यंत एसटी आणि तिथून जीपच्या मागच्या फळीवर, म्हणजे वडापनं, ते आंबेखोल नावाच्या वस्तीवर पोचले. वाटेत त्यांनी माफीचं भाषण तयार केलं होतं. आयुष्यभर कार्यालयीन पत्रं लिहिलेला माणूस. भाषणाची सुरुवात 'अनवधानाने माझ्याकडून झालेल्या विधानामुळे' अशी झाली आणि शेवट 'तरी क्षमस्व' असा. मधला मजकूरही चोख होता.

बाळाबाई खाचरात होत्या. साठीच्या पुढची, काटक, नऊवारीचा काचा मारलेली बाई. सोबत सून संयोगिता. कापलेल्या भाताच्या पेंढ्या पाण्यात आडव्या पडलेल्या, आणि या दोघी एकेक पेंढी उचलून, निथळून, बांधावर नेऊन ठेवत होत्या. वास येत होता. ओल्या गवताचा नव्हे, त्याच्या पुढचा, आंबल्यासारखा.

"कोण पावणं?" बाळाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"मी यज्ञेश्वर कुरुंदवाडकर. कोल्हापूरहून आलो. पिराजीरावांच्या बिल्डिंगमधला." त्यांनी घसा साफ केला. "अनवधानाने माझ्याकडून..."

"फोटूवालं व्हय? पिऱ्या मागं सांगत हुता. बरं झालं आलासा! फोन चांगला हाय न्हवं?"

"आहे. पण मला आधी..."

"आदी फोटू काडा. तलाठी यायला लागलाय पंचनाम्याला. त्येला फोटू लागत्यात. माझा फोन बटनांचा, आनी हिचा पान्यात पडलाय."

पुढं तलाठी आलेच. हल्ली सरकारनं त्यांना काहीतरी लांबलचक नाव दिलंय म्हणतात, पण गाव तलाठीच म्हणतं. उन्मेष नावाचा तरणा पोरगा. मोटरसायकलचा आणि पँटचा रंग चिखलानं एक झालेला, डोळे जागरणानं तांबारलेले. सकाळपासून तो खाचरं बघत हिंडत होता आणि सकाळपासून लोक त्याला, पाऊस त्यानंच पाडल्यासारखे, बोलत होते. कुरुंदवाडकरांना त्याच्याबद्दल फार जवळीक वाटली.

"साहेब, तुमच्याच फोनवरनं काढून मला पाठवा," उन्मेष म्हणाला. "नुकसान नीट दिसलं पाहिजे. न्हायतर वरनं परत येतंय."

कुरुंदवाडकर बांधावर उभे राहिले. हात आपोआप सवयीच्या उंचीला गेले. त्यांनी मन लावून फोटो काढला आणि पाठवला. उन्मेषनं तो बघितला, फोन आडवा करून बघितला.

"फोटो एक नंबर आहे, साहेब," तो म्हणाला. "पण वर काय कळवू? नुकसान भाताचं झालंय का आभाळाचं?"

कुरुंदवाडकरांनी बघितलं. फोटोत पाऊण भाग आभाळ होतं, डोंगरावर रेललेला एक भला मोठा ढग होता, आणि तळाला बोटभर पट्टीत भात, त्यात संयोगिता मुंगीएवढी. त्यांचे कान तापले. दुसरा फोटो काढताना त्यांनी फोन मुद्दाम खाली केला. खाचरातल्या पाण्याचा फोटो आला. पाण्यात तोच ढग.

"ह्यातबी ढगच!" उन्मेष म्हणाला. चिडून नाही, हताश होऊन.

"पावणं, खाली या की," बाळाबाई म्हणाल्या. "तितनं कसं दिसंल?"

कुरुंदवाडकरांनी बूट काढून बांधावर जोडीनं ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते खाचरात उतरले. पाय घोट्यापर्यंत गेले, मग पोटरीपर्यंत. एका पेंढीपाशी ते वाकले, इतके की चष्मा नाकावरून सुटायला लागला. फोन अगदी जवळ नेला तेव्हा त्यांना ते दिसलं. प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब फुटला होता. नखाएवढा, कोवळा, स्वच्छ. एका लोंबीवर कितीतरी. दुसऱ्या कुठल्या दिवशी, दुसऱ्या कुठल्या जागी, त्यांनीच म्हटलं असतं, किती हे सौंदर्य.  इथं त्यांनी फक्त फोटो काढला. मग शेजारच्या पेंढीचा काढला, मग तिच्या शेजारच्या.  उन्मेषनं फोटो एकेक करून बघितले. या वेळी तो फक्त "चालंल" म्हणाला, कागदावर बाळाबाईंचा अंगठा घेतला आणि पुढच्या खाचराकडे गेला.

त्यानंतर कुरुंदवाडकर वर आलेच नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. ते पेंढ्या उचलू लागले. पहिली पेंढी त्यांनी फाइल धरावी तशी छातीशी धरली, त्यामुळे शर्ट भिजला आणि बांधावर पोचेपर्यंत निम्मी पेंढी वाटेत सांडली. संयोगितानं तोंडाला पदर लावला. बाळाबाईंनी मात्र न हसता पेंढी कशी धरायची ते दाखवलं आणि त्यांना कमी ओल्या कोपऱ्यात लावून दिलं, म्हणजे नुकसानही कमी झालं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिघं बांधावर बसले. भाकरी, खर्डा आणि कांदा. कुरुंदवाडकरांना खर्डा सोसत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी यायला आज त्यांची हरकत नव्हती. भाषण त्यांना आता आठवेना. क्षमस्व तेवढं आठवत होतं.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "मीच म्हणालो, आभाळ छान आहे. म्हणून तुम्ही भात कापलंत."

बाळाबाईंचा घास हातात राहिला. "कुनाला म्हटलासा?"

"पिराजीरावांना. त्यांनी तुम्हाला सांगितलं."

"पिऱ्यानं? पिऱ्यानं मला आभाळाचं कायबी सांगिटलं न्हाय." त्यांनी घास तोंडात टाकला, चावला, गिळला. "त्येनं कापनीची मानसं बघून दिल्ती. ती उद्याच येत्यात म्हनला, दिवाळीच्या आदी उरकून टाक. मी म्हटलं, आरं ढग हाइत. तर म्हनला, काय हुतंय त्येला? मानसं गेली तर परत गावत्यात व्हय? आनी मलाबी वाटलं, घे उरकून. म्हनून कापलं." मग त्यांनी कुरुंदवाडकरांकडे नीट बघितलं. "तुमी ह्येच्यासाठनं आलायसा? कोल्लापूरनं?"

कुरुंदवाडकरांनी मान हलवली.

"आगं बाई," बाळाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

कुरुंदवाडकर भाकरीकडे बघत राहिले. छातीवरचं ओझं उतरलं, हे खरं. पण ते उतरल्यावर खाली जे उरलं तेही काही सुखाचं नव्हतं. पाच-सहा दिवस ज्या पापानं त्यांना घास गिळू दिला नाही, ते त्यांचं नव्हतंच. त्यांच्या आभाळाला इथं कुणी विचारलंच नव्हतं. आणि पिराजींचा राग यावा, तर तोही धड येईना.

"आनी पिऱ्या फोन उचलंना झालाय," बाळाबाई म्हणत होत्या. "पाऊस पडल्यापासनं इकडं फिरकला न्हाय. भ्या वाटत असंल. येडं हाय. मी काय खानार हाय व्हय त्येला? ल्हान हुता तवापासनं असाच. मडकं फुटलं की माळ्यावर जाऊन बसायचा."

संध्याकाळच्या वडापनं कुरुंदवाडकर परतले. शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता आणि कंबर ताठ होत नव्हती. अवंतिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग उद्या सगळ्यांसमोर सांगून टाका," त्या म्हणाल्या. "चांगलं सेक्रेटरींच्या देखत."

"सांगून भात वाळणार आहे का?"

अवंतिकाबाईंनी हे उत्तर तपासलं. या वेळी त्यांना त्यात चूक सापडली नाही.

सकाळी दुकानापुढे नेहमीची रांग होती. आज सगळ्यांनाच दूध हवं होतं आणि कुणालाच घाई नव्हती. सम्राट चौगुलेंनीच सुरुवात केली. "काय आभाळवाले, जाऊन आला म्हणे? काय म्हणाल्या बाई? शिव्या घातल्या का नाही?"

पिराजींचा हात दुधाच्या क्रेटवर थांबला.  ते कुरुंदवाडकरांकडे बघत होते, आणि कुरुंदवाडकरांना माळ्यावर बसलेलं पोरगं दिसलं.

"घातल्या," कुरुंदवाडकर म्हणाले. "भरपूर घातल्या."

रांगेला बरं वाटलं.

"पण पिराजीराव, त्या मला घातल्या. तुम्हाला नाहीत," कुरुंदवाडकर काउंटरवर वाकून म्हणाले. "तुमच्यावर राग नाही त्यांचा. फोन तेवढा उचला. आणि पेंढ्या उचलायला माणूस कमी पडतोय तिथं. मला काही जमत नाही ते काम."

 पिराजींनी पिशवी दिली. पैसे घ्यायचे राहिले ते राहिलेच.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर उघडलंच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळीचे दिवस, घराघरांत पाहुणे, आणि शिवतेज अपार्टमेंटमध्ये दुधाचा थेंब नाही. धोंडुबाईंनी गुळाचा कोरा चहा केला आणि जावयानं तो तसाच ठेवला. तालमीची पोरं रंकाळ्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत आली. सकाळी आठाच्या सुमाराला 'शिवतेज – फक्त कामाचे' वर सम्राट चौगुलेंचा मजकूर आला: 'ऐन सणात पिराजीरावांना गावाला कोणी पाठवले? संबंधितांनी खुलासा करावा.'

खाली लगेच रागाच्या खुणा उमटल्या.

कुरुंदवाडकर कोरा चहा समोर घेऊन खुलासा लिहायला बसले. त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लिहिलं आणि पुसलं. मग आंबेखोल, कापणीची माणसं, बाळाबाईंचं बोलणं, सगळं क्रमवार लिहिलं. मजकूर चोख होता. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि ते वाचल्यावर पेठेत त्यांना पुन्हा कुणी एक शब्द बोललं नसतं. त्यांनी तो एकदा वाचला, दोनदा वाचला. अवंतिकाबाई खांद्यावरून बघत होत्या.

मग त्यांनी तो सगळा पुसून टाकला, आणि एकच अक्षर लिहून पाठवलं.

'मी.'